ठोंब्याचा डाव

"अहो, नव्वद टक्के आहेत. नव्वद! आता तरी मारू का?"

फटाफटबाईंचा अंगठा बटणावर टेकलेला होता आणि नुसता शिवशिवत होता. शेजारच्या खुर्चीत त्यांचा नवरा त्या तळहाताएवढ्या स्क्रीनकडे बघत बसला होता. स्क्रीनवर हिरव्या-करड्या चौकोनांचं रान, मधून वाहणारी नदी आणि नदीवर पूल. पुलाच्या अलीकडे आपली माणसं, पलीकडे त्यांची. आपली तिरंदाज पोरगी धनुष्य ताणून तयार होती आणि तिच्या डोक्यावर नेम लागण्याची शक्यता आकड्यात लिहून आली होती.

नवऱ्याचा उजवा हात मांडीवर होता. सकाळी बाईंनी उचलून ठेवला होता तिथेच. डावा हात हनुवटीखाली.

"थां..." ते म्हणाले.

"थांबू? बरं. किती थांबू? ती मेली तिकडे टपून बसलीत."

पण ती मेली काहीच करत नव्हती, आणि हीच तर त्या खेळाची गंमत होती. तुमचा डाव असला की शत्रू जागच्या जागी उभा राहायचा. तुम्ही चहा घ्या, झोपा काढा, दुसऱ्या दिवशी या. तुम्ही आपला माणूस हलवेपर्यंत समोरचा तलवारवाला डोळ्याची पापणीसुद्धा हलवायचा नाही. एवढी सभ्यता बाईंनी पोस्टात आयुष्य काढून कुठल्याही माणसात पाहिलेली नव्हती.

"मा...र," शेवटी हुकूम आला.

बाईंनी बटण दाबलं. बाण सुटला, तलवारवाल्याच्या कानाजवळून गेला आणि झाडीत नाहीसा झाला.

"हुकला! नव्वद टक्के म्हणे, कपाळ त्यांचं. याच्यापेक्षा हवामान खातं बरं!"

नवरा हसला. हसू अर्ध्याच तोंडावर उमटायचं, पण होतं हसूच. "दहा," ते म्हणाले.

"काय दहा?"

"दहा... टक्के. होते... ना."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांचं नेहमीचं होतं. गोदीत क्रेन चालवायचे तेव्हापासूनचं. सगळी माणसं वर गेलेल्या मालाकडे बघायची आणि हे दोरखंडाकडे. माल अधांतरी झुलत असला की खालून मुकादम शिव्या घालायचा, ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, पण झोका पूर्ण थांबल्याशिवाय हे माल खाली सोडायचे नाहीत. सगळी गोदी त्यांना क्रेनवाले म्हणायची, जणू बाकीचे ऑपरेटर सायकली चालवत होते. त्यांच्या हातून आयुष्यात एक खोकं फुटलं नाही.

आणि अशा माणसाच्या वाट्याला बायको आली ती पोस्टातली फटाफटबाई. पार्सलच्या खिडकीवर त्या बसायच्या. माणूस समोर येऊन तोंड उघडायच्या आत त्यांनी पार्सल काट्यावर टाकलेलं असायचं. "साधं की नोंदणी? नोंदणीच करा, काचेचं आहे ना, आवाजावरून कळतंय. पत्ता खोडलाय इथे, नीट लिहा. पुढचे या." लोक भांबावून जायचे, पण त्यांची रांग सगळ्यांच्या आधी संपायची आणि या गोष्टीचा बाईंना भारी अभिमान होता. घरीही तेच. नवऱ्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं अर्धं त्या पूर्ण करायच्या. तेव्हा त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. संसारात कुणीतरी भरभर बोलणारं लागतंच.

मग नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण डोक्यातला शब्द जिभेपर्यंत येता येता वाटेतच बसून राहायचा. 'पाणी' म्हणायला तोंड उघडावं आणि भलताच आवाज निघावा, मग चेहरा लाल व्हावा, डोळे भरावेत. बाईंना ते बघवायचं नाही. ते तोंड उघडायच्या आत त्या पाणी, चादर, चष्मा सगळं पुढ्यात आणून ठेवायच्या. यात प्रेम होतं, आणि खरं सांगायचं तर घाईही होती. दोन्ही इतकी वर्षं एकत्र नांदत होती की बाईंना त्यांच्यातला फरक कळेनासा झाला होता.

फरक दाखवला तो बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी. मॅडम म्हणजे मुलीच्याच वयाची पोरगी. उपचारकेंद्रात एका मोठ्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घालून तिची खोली केलेली होती. पहिल्या काही भेटींत बाई आत बसल्या. मग एक दिवस मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काकू, राग मानू नका. तुम्ही बाहेर बाकावर बसाल का?"

"का हो? माझं काही चुकलं?"

"प्रश्न मी काकांना विचारते आणि उत्तर तुम्ही देता."

"अहो, त्यांना येत नाही म्हणून..."

"येत नाही म्हणूनच तर इथे आणलंय ना तुम्ही?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हे बघा, मेंदूत जे परत यायचं ते बरंचसं पहिल्या वर्षात येतं. नंतर कठीण होत जातं. प्रत्येक शब्द त्यांनी स्वतः शोधून आणायला हवा. तुम्ही हातात दिलात की त्यांचं शोधणं थांबतं."

बाई बाहेर जाऊन बसल्या. अपमान गिळणं त्यांना नवीन नव्हतं, पोस्टात पोतंभर गिळले होते. पण हा घशात अडकला, कारण तो खरा होता.

खेळ आला तो मुलीकडून. ती दूर, परगावी नोकरीला. बापाच्या आजारपणात येऊन राहिली तेव्हा कपाटातल्या खोक्यात तिला आपला शाळेतला, हातात धरून खेळायचा जुना गेम सापडला. आधी तिने त्यात गाड्यांची शर्यत लावून दिली. क्रेनवाल्यांची गाडी तीनदा भिंतीवर आपटली आणि त्यांनी ते यंत्र पलंगावर भिरकावून दिलं. मग तिने ही लढाई लावली. "बाबा, यात घाई नाही. चौकोन मोजायचे, एकेक माणूस हलवायचा. बटणं आई दाबेल, तुम्ही फक्त सांगा." जाताना आईला बजावून गेली, "आणि आई, यात गेलेला माणूस परत येत नाही हं. मागेही घेता येत नाही, लगेच सेव्ह होतं. सरदार पडला तरच लढाई पहिल्यापासून."

आठवड्याभरात त्या फौजेतला एकेक जण घरचा झाला. खरी नावं परक्या भाषेतली, बाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सरसकट बारसं उरकलं. धनुष्यवाली ती चुणचुणीत. जखमा बऱ्या करणारी पांढऱ्या झग्यातली ती सिस्टर. तिसऱ्या लढाईनंतर घोड्यावरून आलेला आणि आल्या आल्या लांबलचक भाषण ठोकणारा तो जावईबापू. आणि एक होता जाडजूड, पायापासून डोक्यापर्यंत लोखंडात गुंडाळलेला ढालवाला. बाकीचे एका डावात पाच-सहा चौकोन जायचे, हा तीन. तलवारही धड लागायची नाही. बाईंनी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं.

क्रेनवाल्यांचा मात्र त्याच्यावर जीव. प्रत्येक लढाईत ते ठोंब्याला अरुंद जागा शोधून द्यायचे. पूल, खिंड, दरवाजा. तिथे तो एकदा उभा राहिला की पलीकडचे दहा जण येऊन आपटायचे आणि हा जागचा हलायचा नाही. मागून चुणचुणीत बाण सोडायची. ठोंब्या घायाळ झाला की क्रेनवाल्यांच्या कपाळावर आठी पडायची आणि ते "सिस... सिस..." करत बोट दाखवायचे.

बाईंची मात्र या खेळात कोंडी व्हायची. त्यांना चाल दिसायची. नवरा विचार करत असायचा आणि बाईंना उत्तर लख्ख दिसत असायचं, पण मूग गिळून बसावं लागायचं. पात्रं एकमेकांशी बोलायची, खाली अक्षरं उमटायची, ती बाईंनी झरझर वाचून पुढे ढकलावीत तर नवऱ्याचा डावा हात त्यांच्या मनगटावर यायचा. त्यांना प्रत्येक ओळ वाचायची असायची. जावईबापूचं भाषणसुद्धा!

आणि मग एका संध्याकाळी ते घडलं. जावईबापू जोशात पुढे गेला होता आणि तीन भालेवाल्यांच्या तावडीत सापडायच्या बेतात होता. बाईंचा अंगठा हल्ल्याच्या बटणाकडे गेला आणि शेजारून आवाज आला,

"त्याला मागे घे."

तीन शब्द, एकाला एक लागून, मधे कुठे अडखळणं नाही. क्रेनवाल्यांनाच आपल्या कानांवर विश्वास बसेना. बाईंनी जावईबापूला मागे घेतलं, यंत्र टेबलावर ठेवलं, "आलेच हं" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून मनसोक्त रडल्या.

त्यानंतर शब्द येऊ लागले. रोज येत होते असं नाही, आणि मागितले तेव्हा तर मुळीच नाही. पण डावात अडकले की यायचे. "डावीकडून." "आधी सिस्टर." "नको, मरेल." मॅडम खूश होत्या. बाईंनी मुलीला फोन करून सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं.

मग आला किल्ला.

किल्ल्याच्या लढाईत दोन दरवाजे होते आणि ठोंब्या एकच होता. एक दरवाजा अडवला की दुसऱ्यातून लोंढा यायचा आणि सरदाराला गाठायचा. सरदार पडला की लढाई पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या संध्याकाळी हरले, दुसऱ्या संध्याकाळी हरले. तिसऱ्या वेळी क्रेनवाल्यांनी इतका विचार केला, इतका विचार केला की चहावर साय धरून तो थंडगार झाला. शेवटच्या डावाला शत्रूचा एकच माणूस उरला होता. चुणचुणीतचा नेम पंच्याऐंशी टक्के. बाण हुकला. त्या माणसाने पुढे येऊन सरदाराला पाडलं.

क्रेनवाल्यांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. कप उलटला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, तोंड वाकडं होत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण शब्द येईना. एकही येईना. त्यांनी डोकं खाली घातलं आणि ते रडू लागले. झटका आल्यापासून डोळ्यांत पाणी पुष्कळदा आलं होतं, पण हे तसं नव्हतं. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडत होता आणि बाई हातातल्या फडक्याने सांडलेला चहा पुसत होत्या, कारण दुसरं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या भेटीला बाईंनी ते यंत्र पर्समध्ये टाकून नेलं. नवरा आत गेला, दार लागलं, आणि बाईंनी बाकावर बसून गेम उघडला. मुख्य लढाई सोडून बाजूला सरावाच्या छोट्या चकमकी असतात, हे त्यांनी केव्हाच पाहून ठेवलं होतं. त्यात लढलं की माणसं तयार होतात. ताकद वाढते, नेम सुधारतो, प्रत्येक वेळी छानशी धून वाजते आणि आकडे वर चढतात. क्रेनवाल्यांनी त्या चकमकींना कधी हात लावला नव्हता. बाईंनी लावला. फटाफट. आवाज बंद करून, समोर बसलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांकडे न बघता. खोटं कशाला बोला, त्यांना मजाही आली. कुणी मनगट धरत नव्हतं.

अशा काही भेटी गेल्या आणि मग किल्ला पडला. एका फटक्यात पडला. क्रेनवाल्यांनी मूठ वर केली, बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं की आता यांना पुन्हा रडू द्यायचं नाही.

पण पुढची लढाईही एका फटक्यात झाली. त्याच्या पुढचीही. जावईबापू एकटाच पुढे घुसायचा आणि चौघांना लोळवून यायचा. सिस्टरसुद्धा काठीने माणसं झोपवू लागली. क्रेनवाल्यांनी एकदा तिच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

"होतात हो तयार हळूहळू," बाई म्हणाल्या. "एवढ्या लढाया खेळलोय आपण!"

त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. मग खिडकीबाहेर.

हळूहळू संध्याकाळचं बोलणं कमी झालं. पूर्वी डावावर डाव डोकं खाजवावं लागायचं, आता कुणालाही कुठेही पाठवलं तरी जिंकत होते. "आता काय करू?" बाई विचारायच्या आणि ते खांदा उडवायचे. 'कर काहीही', असा. कुठे डावीकडून नाही, कुठे आधी सिस्टर नाही. खांद्याला शब्द लागत नाहीत.

"काकू, जरा बोलायचं होतं," एके दिवशी मॅडम दारात येऊन म्हणाल्या. "काका हल्ली फार गप्प झालेत. मधे किती छान चाललं होतं! घरी काही बदललंय का?"

बाईंच्या पर्समध्ये ते यंत्र होतं. हात पर्सवर होता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "घरी काय बदलणार?"

मॅडम आत गेल्या. बाई मूर्ख नव्हत्या, काय झालंय ते त्यांना दिसत होतं. आपण त्यांचे शत्रूच काढून घेतले. शब्द शोधायला जायचं कारणच ठेवलं नाही. ठरलं, आजपासून बंद. आता यंत्राला हात लावायचा तो त्यांनी सांगितल्यावरच.

फक्त ठोंब्या राहिला होता. बाकी सगळे तयार झाले होते, हा एकटाच मागे पडला होता, कारण त्याला घेऊन चकमक खेळायची म्हणजे तीन-तीन चौकोन चालवत बसायचं आणि बाईंना तेवढा धीर नव्हता. एकाचंच काम अर्धवट राहावं, हे त्यांच्या स्वभावात बसेना. एक चकमक, तेवढीच. मग बंद.

चकमकीत नदी होती, पूल होता. ठोंब्या नेहमीप्रमाणे पुलावर उभा राहिला असता तर काही झालं नसतं. पण तिथे उभं राहून शत्रूची वाट बघत बसायचं म्हणजे किती डाव घालवायचे? बाईंनी त्याला पुलापार पाठवला, एकट्यालाच. पलीकडे झाडीत जादूगार होता. तलवार असो, भाला असो, ठोंब्याच्या लोखंडाला काही व्हायचं नाही, पण जादूपुढे लोखंड चालत नाही, हे क्रेनवाल्यांनी पहिल्याच लढाईत ओळखलं होतं आणि बाईंना बोटाने दाखवूनही दिलं होतं. बाईंना ते आठवलं. त्या त्याला मागे आणणारच होत्या. तेवढ्यात आत खुर्ची सरकली, दाराची कडी वाजली, आणि बाईंनी घाईघाईने डाव संपवायचं बटण दाबलं.

आता डाव शत्रूचा होता; जादूगाराच्या हातातून जांभळा उजेड निघाला. ठोंब्या गुडघ्यावर बसला. खाली अक्षरं उमटली: 'इतकंच जमलं मला. बाकीच्यांना सांभाळा.' बाईंनी ही एकच ओळ त्या खेळात पूर्ण, सावकाश वाचली. मग तो चौकोन रिकामा झाला आणि कोपऱ्यात सेव्ह झाल्याची खूण चमकून गेली.

"चला काकू, झालं आमचं," मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी चार्जिंग नसल्याचं सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी डोकं दुखत असल्याचं. तिसऱ्या संध्याकाळी क्रेनवाल्यांनी स्वतःच कपाटापर्यंत पाय ओढत जाऊन ते यंत्र आणलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

फौजेचा तळ उघडला. शेकोटीभोवती सगळे उभे होते. चुणचुणीत, सिस्टर, घोड्याला थोपटणारा जावईबापू. क्रेनवाल्यांचं बोट स्क्रीनवर फिरलं. एकदा फिरलं, पुन्हा फिरलं.

"ठों...ब्या?"

"तो होय! तो... सुट्टीवर गेलाय. असतं या खेळात तसं. येईल पुढच्या लढाईला."

क्रेनवाले नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पार्सलच्या खिडकीवर बसून बाईंनी हजारो लोकांच्या थापा पकडल्या होत्या. आत औषधं आहेत म्हणणाऱ्याच्या खोक्यातून अत्तराची बाटली काढून दाखवली होती. थाप मारणाऱ्याचा चेहरा कसा दिसतो ते त्यांना चांगलं माहीत होतं आणि आत्ता आपला तसाच दिसत असणार, हेही कळत होतं.

"मेला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून मेला. तुम्ही आत असताना मी बाहेर बसून खेळत होते. किल्ल्याच्या आधीपासून. मीच सगळ्यांना तयार केलं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून केलं हो! आणि तो... मी त्याला पुलापार नेला. घाई केली. चुकलंच माझं."

क्रेनवाल्यांचं तोंड उघडलं. बाईंना त्यांच्या डोळ्यांत वाक्य दिसत होतं. त्यांना ते पूर्ण करून देता आलं असतं, आयुष्यभर दिलं तसं. पण हे वाक्य बाईंच्याच विरोधातलं होतं आणि ते त्यांनी ऐकायला हवं होतं.

"मा...झा," ते म्हणाले. खूप वेळ गेला. "माझा... डाव... होता."

"हो."

"माझा."

"पहिल्यापासून सुरू करू या का? नवीन? सगळे परत येतील. ठोंब्याही येईल."

त्यांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हाताने यंत्राचं झाकण मिटलं आणि उठून, भिंतीला धरत, आतल्या खोलीत गेले. बाईंनी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला.

त्यानंतर घरात बोलणं असं उरलं नाही. हात पुढे केला की भाकरी, मान हलवली की पुरे. यंत्र टेबलावर होतं तिथेच पडून होतं. बाईंनी त्यावरून फडकं फिरवलं तेही जपून, जणू आत कुणी झोपलंय. रात्री पडल्या पडल्या त्या मनात हिशोब करायच्या: पहिल्या वर्षातले किती महिने गेले, किती राहिले. आणि त्यातले किती आपण बाकावर बसून उडवले.

पुढच्या भेटीला पर्स रिकामी होती. नवरा आत गेला, दार लागलं, बाई बाकावर बसल्या. पार्टिशन छतापर्यंत गेलेलं नव्हतं. एरवी त्या खेळात गुंग असायच्या, आज सगळं ऐकू येत होतं.

"काका, आज चित्रं नकोत. या आठवड्यात काय झालं ते सांगा मला. काहीही. छोटंसं."

शांतता. पंख्याची घरघर. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"ठोंब्या... गेला."

"अरेरे! ठोंब्या कोण? कुत्रा होता का तुमचा?"

"ना...ही. शि...पाई."

"शिपाई? ऑफिसमधले? कसे गेले?"

पुन्हा शांतता. इतकी लांब की बाईंना वाटलं, संपलं, आता शब्द येत नाही.

"बाय...कोनं... मारला."

आत पेन खाली पडल्याचा आवाज आला. बाई ताडकन उठल्या. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता आणि तोंडात वाक्य तयार होतं. अहो मॅडम, भलतंच काय, खेळ आहे तो, मुलीचा जुना गेम, त्यातला शिपाई! एका दमात सगळं मिटलं असतं. ती पोरगी हसली असती, बाई हसल्या असत्या, आणि क्रेनवाले मधे बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले असते.

"काका, मला नाही कळलं," आतून मॅडमचा आवाज आला. "सांगा. मी थांबते."

बाईंनी कडी सोडली. परत येऊन बसल्या.

"खेळ... आहे. छोटा." श्वास. "मी... सांगतो. ती... दाबते. बटण."

"बरं."

"ती... घाई. जन्म...भर. घाई." मॅडम किंचित हसल्या असाव्यात, कारण क्रेनवालेही हसले. बाईंनी ते हसू ओळखलं. "इथे... बाहेर... बसून. मा...झ्या मागे. खेळली."

"तुम्हाला न सांगता?"

"हो."

"का पण?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंकडे होतं. किती तरी उत्तरं होती. त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या. पंखा फिरत होता. आत मॅडम वाट बघत होत्या. त्या पोरीला कुठून एवढा धीर आला होता कोण जाणे.

"मी... रडलो," क्रेनवाले म्हणाले. "म्हणून."

बाईंना समोरची भिंत दिसेना. पदर तोंडाला लावावा तर आवाज होईल, म्हणून त्यांनी तोही लावला नाही. त्यांना वाटलं होतं, आपण हे का केलं ते ह्यांना कळलंच नाही. आणि ह्यांना सगळं कळलं होतं, फक्त शब्द आणायला वेळ लागला होता.

जिन्याकडून एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं.

"आमचा नंबर आहे आता," ती म्हणाली. "आत तुमचे आहेत का? वेळ संपली त्यांची. दार वाजवता का जरा?"

आत क्रेनवाले ठोंब्याबद्दल सांगत होते. पुलावर आले होते. "तीन... चौ..." म्हणून थांबले होते. पुन्हा "चौ..." म्हणाले. बाईंच्या ओठांवर तो शब्द अख्खा आलेला होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि बाकावर सरकून मायलेकींना जागा करून दिली.

"बसा," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं बोलणं व्हायचंय अजून."